कॉलेजचं नेटवर्क अंगावर आलंय? काळ्या मातीपासून सुरुवात करा

नेटवर्कची जबाबदारी कुणी मागून घेत नाही, ती येऊन पडते. कॉम्प्युटर विभागातल्या नव्या माणसाला एक दिवस सांगितलं जातं, "ते नेटचं तेवढं तुम्हीच बघा." हातात येतं काय, तर सर्व्हर रूमची किल्ली, जुन्या ठेकेदाराचा नंबर आणि तीन पासवर्ड, त्यांतला एक चुकीचा. हे लिखाण त्या माणसासाठी आहे. उदाहरणाला सांगली-मिरज पट्ट्यातला एक मध्यम कॅम्पस धरू: मुख्य इमारत, विज्ञान विभाग, ग्रंथालय, कार्यशाळा, दोन वसतिगृहं आणि एकूण अडीच-तीन हजार विद्यार्थी.

कामाचा क्रम एकाच गोष्टीवरून ठरवा: पुन्हा बदलायला जे सर्वांत अवघड, ते सर्वांत आधी आणि सर्वांत नीट. स्विच (केबल एकत्र जोडणारं यंत्र) सात-आठ वर्षांनी बदलतो, वायफायचे डबे त्याआधीच जुने होतात. जमिनीतली नळी आणि फायबर (प्रकाश वाहणारी काचेची केबल) मात्र वीस-पंचवीस वर्षं तिथंच राहतात. प्रत्यक्षात खर्च उलटा होतो. महागडी फायरवॉल (बाहेरची ये-जा तपासणारं यंत्र) येते आणि तिच्यामागची केबल मात्र झाडाला बांधून, गच्चीवरून लोंबकळत नेलेली असते.

आधी पायी फिरा

कॅम्पसचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्या आणि दोन दिवस फिरा. प्रत्येक इमारतीत चार गोष्टी लिहा. रॅक (स्विच आणि केबल बसवायचं कपाट) कुठं बसेल? त्या जागेला वीज कोणत्या मीटरवरून येते? अर्थिंगचा खड्डा कुठं आहे? तिथून सगळ्यात लांबच्या खोलीपर्यंत केबलच्या वाटेनं किती मीटर? अंतर सरळ रेषेत मोजू नका. केबल भिंतीवरून वर जाते, छताखालून फिरते, पुन्हा खाली उतरते. सरळ साठ मीटर दिसणारी खोली केबलच्या हिशोबानं सहज पंच्याऐंशी होते आणि कॉपर केबलची मर्यादा भिंतीतल्या पक्क्या जोडाला ९० मीटर आहे. दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (जोडायच्या छोट्या सुट्या केबल) धरून एकूण १००. एखादी खोली त्यापलीकडे जात असेल तर त्या मजल्यावर दुसरा रॅक लागणार, हे आत्ताच कळलेलं बरं.

मुख्य सर्व्हर रूम पहिल्या मजल्यावर घ्या. तळमजला नको, याचं कारण सांगलीकराला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कॅम्पस विश्रामबागच्या बाजूला उंचावर असला तरी तळमजल्यात पावसाचं पाणी शिरायला महापूर लागत नाही, तुंबलेलं गटार पुरतं. सगळ्यात वरचा मजलाही नको. गच्चीचा स्लॅब मे महिन्यात तापतो आणि जुलैत गळतो. वर स्वच्छतागृह किंवा पाण्याची टाकी नसलेली, उत्तरेला खिडकी असलेली खोली मिळाली तर भांडून घ्या.

चर, नळी, फायबर

दोन इमारतींमध्ये कॉपर केबल टाकायची नाही. अंतर तीस मीटर असलं तरी नाही. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक असतो, आणि एप्रिल-मे महिन्यात वळीव कडाडला की जवळपास कुठं वीज पडली तरी त्या तांब्यातून दोन्हीकडचे पोर्ट जळतात. फायबरच्या काचेतून वीज जात नाही.

फायबर सिंगल मोडच (बारीक काचेचं, प्रकाशाला एकच वाट असलेलं) घ्या, कितीही कमी अंतर असो. मल्टिमोड (जाड काचेच्या) फायबरच्या ओएम३ प्रकारावर १० गिगाबिट साधारण ३०० मीटर चालतं, ओएम४ वर ४००. पुढं वेग वाढवायचा म्हटलं की केबल बदला. सिंगल मोडवर आज १ गिगाबिट चालवा, उद्या १०, परवा १००. काच तीच राहते. प्रत्येक इमारतीला २४ कोरची (काचेच्या चोवीस तारांची) आर्मर्ड, म्हणजे पोलादी पट्टी असलेली, केबल टाका. आज वापरात दोन-चार कोर येतील, उरलेल्या सीसीटीव्हीला, नव्या विभागाला आणि तुटलेल्या कोरच्या जागी कामाला येतात. बारा कोर आणि चोवीस कोर यांच्या किमतीतला फरक चराच्या मजुरीपुढं किरकोळ असतो.

चर एक मीटर खोल. तळाला दहा सेंटिमीटर वाळू, तिच्यावर ४० मिलिमीटरची एचडीपीई नळी, वर पुन्हा वाळू, आणि नळीच्या वर तीसेक सेंटिमीटरवर "खाली केबल आहे" अशी पिवळी पट्टी. जेसीबीवाल्याला नकाशा दिसत नाही, पट्टी दिसते. शेजारी तशीच एक रिकामी नळी दोरी ओवून ठेवा. दर ६० ते ८० मीटरवर आणि प्रत्येक वळणावर चेंबर, प्रत्येक चेंबरमध्ये दहा मीटर केबलचं वेटोळं. केबल ओढताना तिच्या जाडीच्या वीसपटीपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नका. म्हणजे १२ मिलिमीटरच्या केबलला २४ सेंटिमीटर.

आता माती. सांगलीची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. नळी इमारतीत शिरते तिथं गवंडी सिमेंटनं गच्च भरतात, मग जमीन हलली की सांधा निखळतो नाहीतर केबल आवळली जाते. भिंतीत नळीपेक्षा मोठा पाइप बसवा, त्यातून नळी सैल घ्या, बाहेर हलकं वळण सोडा. तोंड रबरी प्लगनं बंद करा. उघड्या तोंडातून पाणी तर येतंच, घूसही येते, आणि घूस केबलचं वरचं आवरण आवडीनं कुरतडते. सातारच्या बाजूला प्रश्न वेगळा. मुरमाखाली हात-दीड हातावर काळा दगड लागतो आणि ठेकेदार तिथंच खोली सोडतो. तेवढ्या पट्ट्यात जीआय पाइप घालून वर काँक्रीट टाकायला लावा. बिलात एक मीटर खोली लिहिलेली असेल तर प्रत्येक पन्नास मीटरला टेप लावलेला फोटो मागा. काळ्या मातीतलं चेंबर पावसाळ्यात विहिरीसारखं भरतं हे धरूनच चाला. जोड चेंबरमध्ये ठेवावाच लागला तर आयपी ६८ दर्जाचं, म्हणजे पाण्यात बुडालं तरी टिकणारं, क्लोजर (जोडाची बंद पेटी) वापरा. न ठेवणं उत्तम.

ग्रंथालय आणि परीक्षा विभाग यांना दोन वाटांनी फायबर द्या. दोन वाटा म्हणजे दोन चर, इमारतीच्या दोन बाजूंनी. एकाच चरात दोन केबल टाकून "रिडंडन्सी केली" असं कागदावर लिहिता येतं. जेसीबी दोन्ही एकदम तोडतो.

प्रकाशाचा हिशोब

फायबर जोडून झालं की ठेकेदार लाल दिवा टोचून दाखवतो: "बघा सर, पलीकडं उजेड आला." तो उजेड फक्त काच तुटलेली नाही एवढंच सांगतो. तुम्ही हिशोब करा.

समजा अंतर ६०० मीटर. १३१० नॅनोमीटरला सिंगल मोड फायबर किलोमीटरमागं जास्तीत जास्त ०.३५ डीबी (प्रकाशाच्या घटीचं माप) खातं, म्हणजे इथं ०.२१. दोन्ही टोकांना पिगटेलचे (कनेक्टर लावलेल्या छोट्या फायबरचे) दोन स्प्लाइस (वितळवून केलेले जोड), प्रत्येकी ०.१ धरून ०.२. दोन कनेक्टर, सढळ हातानं प्रत्येकी ०.५ धरून १. एकूण १.४ डीबी. १० गिगाबिटच्या एलआर मॉड्यूलचा (स्विचमध्ये बसणारा, प्रकाश पाठवणारा आणि वाचणारा तुकडा) प्रकाश कमीत कमी उणे ८.२ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) निघतो आणि पलीकडचा उणे १४.४ पर्यंत वाचू शकतो, म्हणजे ६.२ डीबीची मुभा. आपला खर्च १.४. भरपूर जागा आहे.

आता स्विचवर मॉड्यूलची माहिती उघडा आणि पलीकडून येणारी पॉवर वाचा. या अंतरावर ती पाठवलेल्या पॉवरपेक्षा दीड डीबीच्या आसपास कमी दिसली पाहिजे. उणे ११-१२ दिसत असेल तर लिंक चालू असली तरी काम नापास आहे. असा जोड आज चालतो आणि धूळ बसली की दिवाळीच्या सुट्टीत बंद पडतो. कारणं बहुधा तीनच: कनेक्टरचं टोक घाण, पॅच कॉर्ड रॅकच्या दारात दाबलेली, किंवा हिरवं टोक निळ्यात खुपसलेलं. हिरव्या कनेक्टरची काच तिरकी घासलेली असते, निळ्याची सपाट. दोन्ही एकमेकांत बसतात, म्हणूनच घोटाळा होतो. मध्ये फट राहते, प्रकाश उडतो, वर काचेचं तोंडही खराब होतं. कॅम्पसभर निळंच ठेवा. आणि ८० किलोमीटरचं मॉड्यूल "जास्त ताकदीचं" म्हणून ६०० मीटरवर लावू नका. समोरचा रिसीव्हर जळू शकतो.

बिल पास करण्याआधी सगळ्या चोवीस कोरचा ओटीडीआर रिपोर्ट (केबलमध्ये कुठं किती प्रकाश घटतो ते दाखवणारा) घ्या, १३१० आणि १५५० दोन्हींवर. एखाद्या ठिकाणी १३१० वर तोटा किरकोळ आणि १५५० वर ठळक दिसला, तर तिथं केबलला आवळ वळण बसलंय. स्प्लाइस खराब असेल तर दोन्हीकडं सारखाच दिसतो.

वीज आणि अर्थिंग

नव्या माणसाला हे आपलं काम वाटत नाही, ते वायरमनचं वाटतं. पण "स्विच आपोआप रिस्टार्ट होतो" या तक्रारीचं उत्तर निम्म्या वेळा इथंच सापडतं. मल्टिमीटर घ्या आणि रॅकच्या सॉकेटवर न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजा. दोन व्होल्टच्या आत असलं तर ठीक. पाच-दहा आलं तर अर्थिंग सुकलंय किंवा न्यूट्रल सैल आहे. नेटवर्कसाठी वेगळा खड्डा घ्या, रेझिस्टन्स एक ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करा. काळ्या मातीत ते फार कष्ट न घेता जमतं. खडकाळ जागी दोन-तीन खड्डे एकमेकांना जोडावे लागतात. मोजणी मे महिन्यात करा. ऑगस्टच्या ओल्या मातीत कोणताही खड्डा पास होतो. फायबरच्या आर्मरची पोलादी पट्टी सर्व्हर रूमच्या टोकाला अर्थ करा, दुसऱ्या टोकाला मोकळी ठेवा.

यूपीएस ऑनलाइन प्रकारचा. समजा इमारतीच्या रॅकचा भार ४०० वॉट आहे. १ केव्हीएच्या यूपीएसमधल्या आतल्या तीन छोट्या ७ एएच बॅटऱ्यांवर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त आशा धरू नका. बाहेर १२ व्होल्ट ४२ एएचच्या तीन बॅटऱ्या लावल्या तर साठा १५०० वॉट-तासांचा, त्यातला तीन-चतुर्थांश हाती येतो, इन्व्हर्टरचा तोटा वजा जाता दोन तासांच्या थोडं वर. महावितरणचं ठरलेलं देखभालीचं बंद याहून लांबतं, तेव्हा सर्व्हर रूमला जनरेटर लागणारच. बॅटऱ्यांवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहा. तीन वर्षांनी दर सहा महिन्यांनी भारावर तपासा. दिवा हिरवा आहे म्हणजे बॅटरी जिवंत आहे असं नाही.

इमारतीच्या आत

कॅट ६, शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल तशाच डब्यात, तशाच छपाईत मिळते. ब्लेडनं तार खरवडा; आतून पांढरी निघाली तर डबा परत. आणखी पक्की परीक्षा म्हणजे न उघडलेल्या ३०५ मीटरच्या डब्याची दोन्ही टोकं बाहेर काढून एका तारेचा रेझिस्टन्स मोजा. कॅट ६ ची मर्यादा १०० मीटरला ९.३८ ओहम, म्हणजे पूर्ण डब्याला २९ च्या आत यायला हवा. मुलाम्याची केबल पस्तिशीकडं जाते. ती संगणकाला कशीबशी चालते, पण पीओईचा (नेटवर्क केबलमधूनच यंत्राला वीज देण्याचा) भार पडला की तापते आणि कॅमेरे मरतात.

जोडणी टी५६८बी: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नवशिक्याची चूक रंगांत कमी, पिळात जास्त होते. तारा सरळ करायला सोपं जावं म्हणून तो जोड्यांचा पीळ दोन-दोन इंच सोडतो. मर्यादा १३ मिलिमीटर आहे, बोटाच्या नखाएवढी. पीळ सुटला की जोड्या एकमेकींत बोलायला लागतात. साधा टेस्टर आठही दिवे लावतो, पण १ गिगाबिटचं पोर्ट १०० मेगाबिटवर येऊन बसतं. भिंतीतली केबल थेट प्लगमध्ये क्रिंप करू नका. एका टोकाला पॅच पॅनेल, दुसऱ्या टोकाला भिंतीतला बॉक्स, दोन्ही पंच करून. हलायचं ते फक्त पॅच कॉर्डनं.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नाव: इमारत, मजला, रॅक, पॅनेलचं पोर्ट. "११-२-अ-१७" म्हणजे अकरा नंबरच्या इमारतीत दुसरा मजला, अ रॅक, सतरावं पोर्ट. पेनानं टेपवर लिहिलेलं दोन उन्हाळ्यांत उडतं. लेबल प्रिंटर घ्या.

पीओईचा हिशोब खरेदीआधी करा. २४ पोर्टच्या स्विचची क्षमता अनेकदा ३७० वॉट असते. जुन्या मानकाप्रमाणं पोर्टला १५.४ वॉट धरले तर २४ पोर्ट बरोबर बसतात. नवे वायफाय डबे ३० वॉटच्या वर्गातले असतील तर ३७० भागिले ३०, म्हणजे बाराच. इथली नेहमीची तक्रार अशी: दिवसा सगळे कॅमेरे चालतात, संध्याकाळी सात वाजता शेवटचे दोन बंद होतात. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे रात्रीचे दिवे लागतात, वॉट वाढतात आणि बजेट संपतं.

पत्त्यांची मांडणी

आतले पत्ते १० नं सुरू होणारे घ्या. १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० घेऊ नका, कारण घरोघरचे राउटर तेच वापरतात आणि व्हीपीएननं घरून काम करणाऱ्या प्राध्यापकांची टक्कर होते.

दुसरा आकडा इमारतीचा, तिसरा कामाचा. इमारतींना ११, १२, १३ असे नंबर द्या. कामांना: १० स्विचचं व्यवस्थापन, २० प्रयोगशाळा, ३० कर्मचारी, ४० विद्यार्थ्यांचं वायफाय, ५० प्रिंटर, ६० कॅमेरे, ७० हजेरीची यंत्रं. म्हणजे १०.११.२०.० हे मुख्य इमारतीतलं लॅबचं नेटवर्क आणि त्याचा व्हीलॅन (त्याच स्विचांवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) ११२०. रात्री फोनवर कुणी "माझा पत्ता १०.१४.६०.९" म्हणालं की नकाशा न उघडता कळतं, १४ नंबरच्या इमारतीतला, समजा वसतिगृहातला, कॅमेरा. व्हीलॅनचा आकडा ४०९४ च्या पुढं जात नाही, त्यामुळं इमारतींचे नंबर ३९ पर्यंतच ठेवा. एक व्हीलॅन एकाच इमारतीत राहू द्या. "सगळ्या कॅम्पसभर एक विद्यार्थी व्हीलॅन" सोपा वाटतो, पण मग कार्यशाळेतल्या एका चुकीनं ग्रंथालयही बसतं.

वायफायला २५४ पत्ते पुरत नाहीत. ४०० मुलांचं वसतिगृह, माणशी तीन उपकरणं, म्हणजे १२००. वर हल्लीचे फोन आपला मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) बदलून येतात आणि प्रत्येक वेळी नवा पत्ता मागतात. म्हणून १०.१४.४०.०/२१ द्या: ४० ते ४७ पर्यंतचे आकडे त्यात जातात, २०४६ पत्ते मिळतात आणि ५० मोकळा राहतो. लीज (एकदा दिलेला पत्ता वापरायची मुदत) वसतिगृहात आठ तास, वर्गांच्या वायफायला दोन. चोवीस तासांची लीज ठेवली की दुपारी बाराला "वायफाय जोडलंय पण नेट नाही" सुरू होतं.

आयपीव्ही६ ची, म्हणजे पत्त्यांच्या नव्या, खूप मोठ्या पद्धतीची, तयारी आत्ताच ठेवा. पत्ते भारतात आयआरआयएनएनकडून मिळतात. एका कॅम्पसला /४८ म्हणजे ६५,५३६ उपनेटवर्कं, वरची इमारत-काम मांडणी त्यात जशीच्या तशी बसते.

स्विचवर काय लावायचं, आणि लूप कसा शोधायचा

कोरमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या मध्यवर्ती जागी, दोन स्विच, त्यांच्यापासून प्रत्येक इमारतीला थेट फायबर. इमारतीमागून इमारत अशी माळ नको. मधल्या इमारतीची वीज गेली की पुढच्या सगळ्या जातात. रॅपिड स्पॅनिंग ट्री (केबलचा लूप, म्हणजे गोल फेरा, झाला तर एक वाट बंद करणारी सोय) चालू ठेवा आणि कोरची प्रायॉरिटी ४०९६ अशी हातानं द्या. नाहीतर सगळ्यांची प्रायॉरिटी सारखी असते आणि सर्वांत लहान मॅक पत्त्याचा, बहुधा स्टोअरमधून काढलेला सगळ्यात जुना स्विच, राजा होऊन बसतो. वापरणाऱ्यांच्या पोर्टांवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणारं), बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचा निरोप, म्हणजे बीपीडीयू, आला की पोर्ट बंद करणारं), डीएचसीपी स्नूपिंग (पत्ते वाटणारं परकं यंत्र अडवणारं) आणि स्टॉर्म कंट्रोल (रहदारीचा लोट रोखणारं). डीएचसीपीचा भरवसा फक्त वरच्या दिशेच्या पोर्टवर. हे नसेल तर वसतिगृहात कुणीतरी घरचा राउटर उलटा जोडतो आणि अर्ध्या मजल्याला १९२.१६८.० चे पत्ते वाटत सुटतो.

लूप असा दिसतो: स्विचचे सगळे दिवे एका लयीत, वेड्यासारखे लुकलुकतात; गेटवेचा पिंग येतो-जातो; लॉगमध्ये एकच मॅक पत्ता दोन पोर्टांवर उड्या मारताना दिसतो. घाबरून सगळे स्विच बंद-चालू करू नका, पुरावा जातो. कोरजवळ उभं राहा. इमारतींच्या फायबर एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. एक काढल्यावर उरलेलं नेटवर्क शांत होईल. दोषी तीच इमारत. ती तशीच तोडून ठेवा, बाकी कॅम्पस चालू झाला. मग त्या इमारतीत जाऊन हेच मजल्यांच्या स्विचवर करा, मग पोर्टांवर निम्मे-निम्मे काढत. शेवटी टेबलाखाली एक पाच पोर्टचा स्वस्तातला स्विच सापडतो, आणि साफसफाई करताना कुणीतरी लोंबती पॅच कॉर्ड "निघाली होती" म्हणून त्याच स्विचमध्ये परत खोचलेली. बीपीडीयू गार्ड असूनही हे होतं, कारण काही स्वस्त स्विच बीपीडीयू पुढं पाठवतच नाहीत. म्हणून स्विचमध्ये वेगळी लूप-ओळख असेल तर तीही चालू करा, आणि असले छोटे स्विच हळूहळू गोळा करून जादा भिंत-पोर्ट द्या.

वायफाय

डबे कॉरिडॉरमध्ये ओळीनं लावू नका. दिसायला छान, केबलही कमी. पण ते एकमेकांना लख्ख ऐकतात, सतत थांबतात, आणि खोलीतल्या मुलाला भिंतीपलीकडून क्षीण सिग्नल मिळतो. जुन्या दगडी इमारतीत तर ५ गिगाहर्ट्झ एक भिंत पार करून दमतो. डबा जिथं माणसं बसतात तिथं, खोलीच्या आत. एका डब्यावर ३० ते ४० चालू उपकरणं धरा. १२० जणांच्या सभागृहात तीन. फोनवर सिग्नल मोजणारं ॲप घेऊन बाकाबाकावर बसून बघा: उणे ६५ डीबीएम किंवा त्याहून चांगला हवा.

२.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच: १, ६, ११. रुंदी २० मेगाहर्ट्झ, वाद नको. गर्दीच्या ठिकाणी एकाआड एक डब्यावर २.४ बंदच करा. ५ गिगाहर्ट्झमध्ये २०१८ च्या अधिसूचनेनंतर भारतात ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय मोकळे आहेत, चॅनेलांची टंचाई नाही. रुंदी वर्गात २०, मोकळ्या जागी ४०. ट्रान्समिट पॉवर कमाल ठेवू नका. डबा ओरडून बोलला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो, आणि फोन लांबच्या डब्याला चिकटून बसतो. १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे जुने वेग बंद करा. वायफायची नावं तीनच्या वर नेऊ नका. प्रत्येक नाव सेकंदाला दहा वेळा स्वतःची दवंडी पिटतं आणि हवा खातं.

एकच पासवर्ड सगळ्यांना देण्यात अर्थ नाही, तो आठवड्यात समोरच्या चहाच्या गाड्यावर पोचतो. माणशी नाव-पासवर्डाची एंटरप्राइझ पद्धत लावा, मागं फ्रीरेडियस, म्हणजे नाव-पासवर्ड तपासणारा रेडियस सर्व्हर. एडुरोम (विद्यापीठांमधली सामाईक वायफाय सोय) घेतलं तर आपले प्राध्यापक दुसऱ्या विद्यापीठात गेले तरी त्याच नावानं जोडले जातात. भारतात ते एर्नेट ही शैक्षणिक नेटवर्कची सरकारी संस्था चालवते. एकच सांभाळा: रेडियसचं प्रमाणपत्र ज्या दिवशी संपतं, त्या सकाळी अख्ख्या कॅम्पसचं वायफाय एकदम थांबतं. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, महिनाभर आधीच्या पानावर लिहा.

बाहेरचा जोड आणि नोंदी

दोन पुरवठादार घ्या, पण सही करण्याआधी त्यांच्या केबलची वाट रस्त्यावर उतरून बघा. दोघंही एकाच खांबावरून येत असतील तर रस्ता रुंदीकरणात दोघंही एकदम जातात. क्षमतेचा अंदाज: तीन हजार उपकरणांपैकी एका वेळी तिसरा हिस्सा खरंच काही ओढत असतो, प्रत्येकाला १ एमबीपीएस धरा, १ गिगाबिट. परीक्षा विभागाला त्यातले ५० एमबीपीएस राखून ठेवा. प्रश्नपत्रिका उतरवायच्या वेळी वसतिगृहातला क्रिकेटचा सामना आड यायला नको. एक गिगाबिटचा जोड घेतला आणि फायरवॉल सगळ्या तपासण्या चालू करून ४०० मेगाबिटच पेलणारी निघाली, हे वरचेवर होतं. तिच्या माहितीपत्रकातला मोठा आकडा सोडा, सगळी तपासणी चालू असतानाचा आकडा बघा.

सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. पोलिसांचं पत्र येतं तेव्हा त्यात सार्वजनिक पत्ता, पोर्ट आणि वेळ असते. त्या एका पत्त्यामागं आपले हजार जण असतात. म्हणून नॅटची नोंद (कोणता आतला पत्ता बाहेर कोणत्या पोर्टनं गेला), डीएचसीपीची नोंद (कोणत्या यंत्राला कोणता पत्ता दिला) आणि रेडियसची नोंद (कोण जोडलं गेलं) तिन्ही एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, आणि त्यासाठी सगळ्या यंत्रांची घड्याळं एक हवीत. एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेच्या सर्व्हरला दोन आतले सर्व्हर जोडा, बाकी सगळं त्या दोघांना.

रोजची देखरेख

लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्स, देखरेखीचे दोन्ही प्रोग्राम फुकट आहेत; एका जुन्या पीसीवर बसतात. सुरुवातीला चारच गोष्टी पाहा: स्विच चालू आहे का, अपलिंक (वरच्या स्विचकडं जाणारा जोड) किती भरली, मॉड्यूलची पॉवर किती, यूपीएसची बॅटरी किती. शंभर इशारे लावले की एकही वाचला जात नाही. स्विचची कॉन्फिगरेशन रोज रात्री ऑक्सिडाइज्ड या प्रोग्रामनं आपोआप उतरवून ठेवा. काल कुणी काय बदललं ते ओळीओळीनं दिसतं.

स्टोअरच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचं सामान: एक अ‍ॅक्सेस स्विच, कॉन्फिगरेशन भरून, चार एलआर मॉड्यूल, निळ्या टोकांच्या सहा पॅच कॉर्ड, फायबर पुसायचा पेन, दोन वायफाय डबे, कन्सोल केबल. आणि स्प्लाइसिंग करणाऱ्याचा नंबर, जो रविवारीही मिरजेहून तासाभरात येऊ शकेल असा. प्रत्येक रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: कोणती फायबर कोणत्या कोरवर, कोणता पोर्ट कुणाचा, वीज कुठल्या एमसीबीवरून. पेन्सिलनं लिहा, म्हणजे बदल झाला की लोक तो खरंच खोडून दुरुस्त करतात.